आधी रेघ, मग अक्षर

सातविणीला फुलं आली की मुलुंडमधली निम्मी माणसं डोकेदुखीची गोळी घेतात आणि उरलेली निम्मी ‘काय मस्त वास सुटलाय ना’ म्हणतात. मी पहिल्या गटातली. दिवसभर ऑक्टोबरचं ऊन डोंगरावरचं गवत भाजत असतं, आणि ते उतरलं रे उतरलं की हा वास खिडकीतून घरात शिरतो, न बोलावता आणि चपला न काढता. त्याच्या मागोमाग लायब्ररीच्या फाटकावर फलक लागतो : ‘चिनी भाषा वर्ग. मर्यादित जागा.’ जागा मर्यादित असल्याचं माझ्या पाहण्यात नाही, माणसंच मर्यादित असतात. फलकाच्या एका कोपऱ्यात चीनची भिंत आहे, दुसऱ्यात ड्रॅगन, आणि मधल्या सगळ्या जागेत मार्गदर्शक, प्रेरणास्थान आणि सौजन्य यांचे हात जोडलेले फोटो. ड्रॅगन त्यांच्याकडे जरा दबकूनच बघतो.

यंदाचा फलक गेल्या आठवड्यात लागला. भाजीची पिशवी घेऊन मी त्याच्यासमोर उभी राहिले आणि त्याच्याकडे बघवेना. साठीकडे निघालेल्या बाईला ड्रॅगनची भीती वाटायचं कारण नाही. ड्रॅगनची वाटलीही नव्हती.

तीन वर्षांपूर्वी, याच वासाच्या दिवसांच्या काही महिने आधीपासून, आईचा क्रम सुटायला लागला होता. नावं, चेहरे, नाती हे सगळं नंतर गेलं. आधी गेला तो क्रम. चहाचं पातेलं ती गॅसवर ठेवायची, साखर घालायची, पूड घालायची, गॅस पेटवायची, आणि पाणी घालायचं राहिलंय हे न कळता समाधानाने उभी राहायची. करपलेल्या चहापुडीचा वास मला तोवर माहीत नव्हता. आता शंभर वासांतून ओळखेन. आंघोळ करून अंग पुसून झालं की साबण लावायची. एकदा साडीवरून परकर नेसून आली आणि आरशात बघून पदर सारखा केला. लांबून पाहिलं असतं तर नीटच दिसत होती. बारकाईने विचार केला तर ती काहीच विसरली नव्हती. प्रत्येक पायरी तिला येत होती, फक्त पायऱ्यांनी आपापसात जागा बदलल्या होत्या.

डॉक्टरांनी तिचे कागद पाहिले, गोळ्या लिहून दिल्या आणि मग सहज माझ्याकडे बघून म्हणाले, ‘‘तुम्हीपण काहीतरी नवीन शिकायला घ्या. भाषा वगैरे. डोक्याला काम राहतं.’’

‘‘म्हणजे हे घराण्यात असतं का?’’

‘‘असू शकतं. नसूही शकतं. टेन्शन नका घेऊ.’’

‘टेन्शन नका घेऊ’ हे ऐकल्यावर ज्याने ते घेतलं नाही असा माणूस मी अजून पाहिलेला नाही. मी रिक्षात बसल्या बसल्या घेतलं. आई शेजारी बसून रस्त्यावरच्या पाट्या मोठ्याने वाचत होती, एकही चुकत नव्हती, आणि मी तिच्याकडे बघत होते ते मुलीने आईकडे बघावं तसं नव्हतंच. सोसायटीत वरच्या मजल्याचं काम चालू असलं की आपण वर जाऊन बघून येतो ना, आपल्याकडे कधी सुरू होणार म्हणून, तसं ते बघणं होतं.

आईसाठी मी विक्रोळीच्या एका जुन्या कारखान्याच्या ऑफिसातून मुदतीआधीच घरी बसले होते. तिथे चीनमधून सुटे भाग यायचे. खोक्यांवर छोटी छोटी घरं काढावीत तशी अक्षरं असायची, खिडक्या-दारांसकट. त्यांचा अर्थ लागतो, हे मला माहीत होतं, पण लावणारी माणसं वेगळी असतात अशी माझी समजूत होती. त्या वर्षीचा फलक पाहिला आणि वाटलं, डोक्याला काम द्यायचंच तर पूर्ण अनोळखी द्यावं. खरं कारण मी कोणाला सांगितलं नाही. मला स्वतःची परीक्षा घ्यायची होती. जमलं तर मी शाबूत आहे. नाही जमलं, तर निदान कळेल तरी.

उद्घाटन झालंच. समई पेटेना म्हणून पंखे बंद केले. समई पेटली आणि आम्ही सगळे विझलो. प्रमुख पाहुणे म्हणाले की चिनी लिपी फार प्राचीन आहे, आपली संस्कृती मात्र त्याहूनही प्राचीन आहे, आणि किती प्राचीन ते त्यांनी श्रोत्यांवर सोडलं. तिथून ते चीनच्या भिंतीवर आले आणि भिंतीवरून आमच्या गल्लीतल्या गटाराच्या रखडलेल्या भिंतीवर, जी लवकरच पूर्ण होणार होती. मग त्या उकाड्यात शिकवणाऱ्या बाईंच्या खांद्यावर शाल घालण्यात आली. पाहुणे खाली गेल्याबरोबर त्यांनी शालीची घडी केली, पत्र्याच्या खुर्चीवर ठेवली आणि तिच्यावर बसल्या. ‘‘बरं पडतं,’’ म्हणाल्या. तेव्हाच मला त्या आवडल्या.

प्रज्ञा मॅडम विक्रोळीच्या. वय तिशीचं. दिवसा अंधेरीच्या एका कंपनीत मशिनची चिनी माहितीपत्रकं मराठी-इंग्रजीत करायच्या. चिनी का शिकलात, असं कोणीतरी विचारलं तेव्हा म्हणाल्या, ‘‘माझे आजोबा रोज विहारात जायचे. तिथे त्यांनी ऐकलं की बुद्धाचं बरंचसं बोलणं इथून गेलं, पण चिनी भाषेत शिल्लक आहे. ते म्हणायचे, आपल्याच घरचं सामान शेजाऱ्याकडे ठेवलंय, कोणीतरी जाऊन आणायला पाहिजे. म्हणून मी निघाले. सध्या वाटेत बॉयलरची माहितीपत्रकं लागलीत.’’

आमच्यात सामंतकाका होते, विम्याच्या नोकरीतून निवृत्त झालेले. ते म्हणाले, ‘‘माझं साधं आहे. उद्या ते इथे आलेच, तर सोसायटीत त्यांच्याशी बोलणारं कोणीतरी पाहिजे.’’

‘‘आले तर त्यांना पार्किंगचं आधी सांगा, काका,’’ मॅडम म्हणाल्या.

आणि मग त्यांनी फळ्यावर नियम लिहिले. चिनी अक्षर कसंही काढून चालत नाही. वरची रेघ आधी, खालची नंतर. डावीकडचं आधी, उजवीकडचं नंतर. आडवी उभीला छेदत असेल तर आडवी आधी. अक्षराला चौकट असेल तर तीन बाजू आधी काढायच्या, आतलं भरायचं, आणि खालची रेघ सगळ्यात शेवटी. ‘‘आधी माणसं आत घ्यायची, मग दार लावायचं,’’ मॅडम म्हणाल्या. त्यांनी चौकटीत माणसाचं अक्षर काढलं आणि दार लावून घेतलं. त्याचा अर्थ कैदी.

मी घरच्या दाराला वरच्या बाजूला नवी कडी बसवून घेतली होती, आईचा हात पोचणार नाही अशी. तेव्हा माणसं आत घेऊन दार लावण्याचा नियम मला कोणी शिकवायची गरज नव्हती. आत दोन माणसं होती आणि कैदी त्यातलं कोणतं, हे अक्षरावरून कळत नव्हतं.

सामंतकाकांना हे सगळं थोतांड वाटलं. ‘‘शेवटी दिसतं सारखंच ना? मग आधी काय नि मागून काय. कोणाला कळतंय?’’

मॅडमनी त्यांचा कागद घेतला आणि ट्यूबलाइटखाली धरला. ‘‘इथे उभी आधी काढलीत तुम्ही. आडवी नंतर. रेघा भेटतात तिथे बघा, पेन कुठून आलं ते दिसतंय. कळतं, काका.’’

वर्गात हशा झाला. मला मात्र ते ‘कळतं’ मानेवर बर्फ ठेवावा तसं लागलं. म्हणजे वरून सगळं नीट दिसत असलं, तरी ज्याला बघता येतं त्याला कळतं.

माझं घोडं अडलं ते अगदी सुरुवातीच्या एका अक्षराशी. वर एक आडवी रेघ, तिच्या मधोमध खाली लोंबणारी उभी, आणि उभीच्या उजव्या अंगाला एक तिरका ठिपका. अर्थ ‘खाली’. पहिलीतल्या पोराला यावं असं. आडवी आधी, मग उभी, मग ठिपका, हा क्रम मी तोंडाने बरोबर म्हणायचे आणि हाताने उभी काढायचे, ठिपका द्यायचे, आणि आडवी रेघ शेवटी ओढायचे. पुन्हा म्हणायचे, पुन्हा तेच. भाजी चिरताना पाटावर बोटाने गिरवायचे, आडवी शेवटी. बँकेच्या रांगेत तळहातावर गिरवायचे, आडवी शेवटी. मला येत होतं सगळं. एकही रेघ मी विसरत नव्हते. फक्त रेघांनी जागा बदलल्या होत्या.

हे वाक्य मनात आलं तेव्हा मी सिंकपाशी उभी होते. नळ वाहत राहिला.

त्यानंतर मी स्वतःवर पाळत ठेवायला लागले. चहा करताना पाणी, पूड, साखर असं पुटपुटायचे. घराबाहेर पडताना गॅस, नळ, किल्ली. एकदा कुकरची शिटी लावायची राहिली आणि मी अर्धा तास बिछान्यावर पडून राहिले. पूर्वीही राहायची. पूर्वी तो विसराळूपणा होता. त्या महिन्यापासून त्याला पुरावा म्हणायचं ठरलं. शेजारच्या हंसाबेन, ज्या माझ्या वर्गाच्या वेळी आईला आपल्याकडे टीव्हीसमोर बसवून घ्यायच्या, एकदा म्हणाल्या, ‘‘तू हल्ली एकटीच काय बोलते गं? मम्मीसारखी?’’ त्या आपुलकीनेच म्हणाल्या. आपुलकीने म्हटलेलं जास्त वेळ टिकतं.

त्याच दिवसांत डोंगरातून बिबट्या उतरल्याची बातमी आली. सोसायटीने सूचना लावली, ‘रहिवाशांनी अंधारात एकट्याने फिरू नये’, आणि खाली घाईघाईने ‘आदेशावरून’ असंही लिहिलं, म्हणजे बिबट्यालाही वचक बसावा. लोक काठ्या घेऊन फिरायला लागले. सामंतकाकांनी एक शिट्टी विकत घेतली. मला त्या बिबट्याचं काही वाटेना. बिबट्या निदान बाहेरून येतो.

दिवाळीच्या आधी मॅडमनी तोंडी परीक्षेसारखी फळ्यावरची परीक्षा ठेवली. एकेकाने पुढे यायचं, सगळ्यांसमोर अक्षर काढायचं. मी न जायचं ठरवलं होतं. मग वाटलं, न जाणं हेही लक्षणच. गेले. माझ्या आधीच्या दोघांनी काय लिहिलं ते मी पाहिलंच नाही, मी मान खाली घालून क्रम पुटपुटत होते. माझं नाव आलं. मार्कर हातात घेतला. आडवी आधी, आडवी आधी, असं म्हणत मी उभी काढली, ठिपका दिला आणि वरून रेघ मारली.

मॅडम हसल्या. हसतच राहिल्या. मी मार्करचं टोपण शोधत होते, कारण कुठेतरी बघायला हवं होतं.

‘‘ताई, तुम्ही तिसऱ्या. तिघांनीही सेम. आता उरलेलेपण हेच करणार, बघा.’’ त्यांनी सामंतकाकांना बोलावलं. काकांनी उभी काढली, ठिपका दिला, वरून ऐटीत रेघ मारली आणि शिट्टी वाजवावी तसे वळून उभे राहिले.

‘‘अहो, आपण मराठीत लिहितो कसं?’’ मॅडम म्हणाल्या. ‘‘आधी सगळी अक्षरं काढतो, मग शब्दावर रेघ. पहिलीपासून हात तेच करतोय. वर रेघ आणि खाली काही लोंबतंय असं दिसलं की मराठी हाताला वाटतं, हे आपलंच. रेघ शेवटी. मला हे मोडायला दोन वर्षं लागली.’’

मी जागेवर येऊन बसले. म्हणजे माझा हात विसरत नव्हता. उलट त्याला इतकं पक्कं आठवत होतं की नवीन काही शिरायला तयार नव्हतं. घरी जाताना मी सातविणीच्या झाडाखाली थांबले आणि तो वास छातीभर ओढून घेतला. डोकं दुखलं. दुखू दिलं.

त्यानंतर अक्षरं भराभर यायला लागली. घाबरलेला हात शिकत नाही, हे तेव्हा कळलं. दुपारी आई जेवून बसली की मी टेबलाशी वही उघडायची आणि लिहायची. आडवी आधी. ओळीच्या ओळी. एक दिवस लिहिताना जाणवलं की आई माझ्या खांद्याशी येऊन उभी आहे आणि माझ्या हाताकडे बघते आहे. किती तरी दिवसांनी तिची नजर कशावर तरी नीट टेकली होती.

‘‘बाबा,’’ ती हळूच म्हणाली, ‘‘आज कचेरीक जावचा नाय?’’

‘‘आई, मी आहे गं.’’

तिने ऐकलंच नाही. समोरची खुर्ची ओढून लहान मुलीसारखी गुडघे वर घेऊन बसली. ऐंशी वर्षांच्या बाईचे गुडघे असे वर जातात हे मला माहीत नव्हतं. ‘‘रेघ झाली? आता अक्षरां टांगा,’’ ती म्हणाली.

तिचे वडील, माझे आजोबा, मालवणच्या बाजूला कचेरीबाहेर बसून लोकांचे दस्तऐवज लिहून द्यायचे. मी त्यांना पाहिलेलं नाही. ते मोडी लिहायचे, आणि मोडीत रेघ आधी असते. कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढून घ्यायची आणि मग दोरीवर कपडे वाळत घालावेत तशी अक्षरं तिला टांगत जायची. हे मी वाचलं होतं. हे बघत एक मुलगी त्यांच्यासमोर बसायची, हे मात्र आईने मला आयुष्यात कधी सांगितलं नव्हतं.

‘‘माझा नाव लिवा,’’ ती म्हणाली.

मी रेघ ओढली आणि तिच्याखाली ‘सुलोचना’ लिहिलं. तिने वाकून वाचलं.

‘‘ह्या कोणाचा?’’

‘‘तुझंच की.’’

‘‘माझा लिवा, बाबा. शेवंती.’’

लग्नात तिचं नाव बदललं होतं, हे मला ठाऊक होतं, जसं आपल्याला आपल्या पणजोबांचं गाव ठाऊक असतं. त्या नावाने घरात तिला कोणी कधी हाक मारली नव्हती. मी पुन्हा रेघ ओढली आणि तिच्याखाली शेवंती टांगली. आईने नावावरून बोट फिरवलं आणि इतकी खूश झाली की मला तिथून उठून जावंसं वाटलं. तिच्या त्या घरात ऊन होतं, बाबा होते, ओसरी होती. मी नव्हते. माझा जन्म व्हायला अजून पुष्कळ अवकाश होता. माझ्याच टेबलाशी, माझ्याच समोर बसून ती मी नसलेल्या जगात सुखाने बसली होती, आणि तिला तिथे पोचवलं होतं ते माझ्याच हाताने, रेघ आधी ओढून. माझ्या डोक्याचा व्यायाम चालला होता.

तो दिवस सोडला तर बाकी ऋतू चांगला गेला, असं म्हणायला हरकत नाही. मी पास झाले. प्रशस्तिपत्रक देताना पाहुण्यांनी माझ्या वयाचा इतक्या वेळा उल्लेख केला की शेवटी मलाही स्वतःचं कौतुक वाटलं. बिबट्या पुन्हा दिसला नाही. तो मुळात मोठं मांजर होता असं एक मत आहे. आई पुढच्या श्रावणात गेली. शेवटपर्यंत ती मला बाबाच म्हणायची आणि मी ओ द्यायचे.

वरची कडी मी काढून टाकली. भोकं राहिली आहेत.

त्या दिवशी, फलक पाहून, भाजी घेऊन घरी आले. हंसाबेनना चिवडा द्यायचा होता. डब्यावर नाव चिकटवावं म्हणून कागदाची पट्टी घेतली आणि लिहायला लागले. लिहून झाल्यावर, नाही, लिहिता लिहिताच लक्षात आलं की पट्टीवर आधी रेघ आली होती. मोकळी, सरळ, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. तिच्याखाली हंसाबेन टांगल्या जायची वाट बघत होत्या. हे चिनी नव्हतं. मोडी तर मला येतच नाही. साधं मराठी, जे मी पहिलीपासून अक्षर आधी, रेघ मग असं लिहीत आले. ज्या हाताला इतकं पक्कं आठवत होतं की त्याची सवय मोडता मोडत नव्हती, तोच हात.

मी दुसरी पट्टी घेतली. मुद्दाम लक्ष न देता लिहायचं ठरवलं. लक्ष न देता लिहायचं ठरवलं की जेवढं लक्ष जातं तेवढं एरवी जात नाही, त्यामुळे त्या पट्टीवरून काहीच सिद्ध झालं नाही. चिवडा मी नावाशिवायच दिला.

याचं एक सरळ उत्तर आहे. वर्गानंतरही मी चिनी अक्षरं गिरवत राहिले, हाताला नवी सवय लागली, ती मराठीत उतरली. नवं शिकण्याचाच परिणाम. दुसरंही एक उत्तर आहे, आणि ते पहिल्यासारखंच दिसतं.

काल संध्याकाळी वर्ग सुरू झाला. मी गेले. नाव घालायला म्हणून नाही, एकच प्रश्न विचारायला. प्रज्ञा मॅडम लवकर आल्या होत्या आणि फळा पुसत होत्या. आदल्या दिवशीच्या उद्घाटनातली यंदाची शाल खुर्चीवर होती. मी हसत, सहज म्हणून विचारलं, ‘‘मॅडम, इतकी वर्षं चिनी लिहिताय, कधी मराठी लिहिताना रेघ आधी येते का हो हातात?’’

त्यांनी विचार केला. प्रामाणिक बाई आहेत, नेहमी विचार करूनच बोलतात. तेवढ्या वेळात मी खाली रस्त्यावर रिक्षा वळताना ऐकली, पंख्याची कुरकुर ऐकली, आणि त्यांनी हो म्हणावं म्हणून जे काही होतं नव्हतं ते पणाला लावलं.

‘‘नाही हो,’’ त्या म्हणाल्या. ‘‘मराठी मराठीसारखंच लिहिते मी. का?’’

‘‘काही नाही. असंच.’’

माणसं येत होती. सामंतकाका आले, या वर्षीही पहिल्यापासून, कारण मागचं सगळं विसरलो म्हणाले, आणि ते इतक्या मजेत म्हणाले की मला त्यांचा हेवा वाटला. खुर्च्या भरल्या. मॅडमनी मला थांबवलंच. ‘‘या आमच्या जुन्या विद्यार्थिनी,’’ त्या सगळ्यांना म्हणाल्या. ‘‘ताई, जरा यांना दाखवा ना, मराठी हात कसा चालतो ते. तुमचं नाव लिहा फळ्यावर. मराठीत. सावकाश. आणि तुम्ही सगळे नाव वाचू नका, नुसतं बघा, सुरुवात कुठून होते.’’

त्यांनी मार्कर पुढे केला. मी तो घेतला आणि टोपण काढलं. फळा स्वच्छ होता. उघड्या खिडकीतून सातविणीचा वास आत आला होता. मागे सगळे माना उंचावून बघत होते.

मी हात वर केला, आणि तो कुठून सुरुवात करतो ते बघायला त्यांच्याबरोबर मीही थांबले.